हरिश्चंद्रगड : राजनाम, तीर्थ आणि पुराव्याचा मार्ग

सह्याद्रीतील लेण्यांना भेट देणाऱ्या उपासक-उपासिकांची आणि तरुण अभ्यासकांची संख्या वाढते आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, वेरूळ ही नावे आता आपल्या घराघरांत परिचयाची झाली आहेत. परंतु या वाढत्या उत्साहाबरोबर एक प्रश्नही पुढे येतो. डोंगरात कोरलेली प्रत्येक गुंफा बौद्धच आहे काय? जेथे आज शिवलिंग आहे तेथे पूर्वी स्तूपच होता, असे प्रत्येक ठिकाणी म्हणता येईल काय? हा प्रश्न अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील हरिश्चंद्रगडाविषयी विशेष आग्रहाने विचारला जातो. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या गडाचा विचार करण्याचे योजिले आहे. एका राजाचे नाव धारण करणारा, तीर्थ म्हणून पूजिला गेलेला आणि दुर्ग म्हणून लढविला गेलेला हा डोंगर वारसा कसा वाचावा याचा उत्तम पाठ देतो.

डोंगर आणि त्याचे स्थान

हरिश्चंद्रगड अकोले तालुक्यात, अहिल्यानगर, पुणे आणि ठाणे या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे जवळ येतात तेथे उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १,४०० मीटरांहून अधिक आहे. उत्तरेकडून पाचनईची, दक्षिणेकडून खिरेश्वर आणि टोलार खिंडीची, तर कोकणातून बेलपाड्याकडील अवघड नळीची अशा वाटा गडावर येतात. पश्चिमेला कोकणकडा नावाचा आत वळलेला प्रचंड कडा आहे. या कड्याखालच्या धुक्यात दिसणाऱ्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याची नोंद कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हवामानविषयक निबंधात केली. हाच साइक्स नाणेघाटातील शिलालेखाकडे आणि जुन्नरच्या लेण्यांकडे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या युरोपीय अभ्यासकांपैकी एक होता, आणि फाहियानच्या प्रवासवृत्ताच्या आधारे प्राचीन भारतातील बौद्ध धम्माविषयी त्याने १८४१ साली दीर्घ निबंध लिहिला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

गडाच्या एका अंगाचे पाणी मुळा नदीतून प्रवरेला आणि पुढे गोदावरीला मिळते. दुसऱ्या अंगाचे भीमेच्या खोऱ्यात जाते. गोदावरी आणि भीमा यांच्यामधील जलविभाजक रांगेला भूगोलात हरिश्चंद्र-बालाघाट असे नाव आहे, ते या गडावरून. प्रवरेच्या खोऱ्यात मनुष्यवस्ती फार प्राचीन आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ तेथील ब्राँझ शिल्पांमुळे जगप्रसिद्ध झाले; नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे आणि रोमन व्यापाराचे अवशेष मिळाले. म्हणजे हा डोंगर ओसाड प्रदेशाच्या टोकाला नव्हता. कोकणातील बंदरांकडून पठारावर येणाऱ्या घाटवाटांच्या शेजारी, वाहत्या इतिहासाच्या काठावर तो उभा होता.

नावाचा विचार

गडाला हरिश्चंद्र राजाचे नाव आहे आणि त्याच्या दोन शिखरांना तारामती व रोहिदास अशी त्या राजाच्या राणीची व पुत्राची नावे आहेत. येथे कोणा हरिश्चंद्र नावाच्या ऐतिहासिक राजाची राजधानी होती काय? ग्रंथांचा क्रम लावून पाहिला असता उत्तर मिळू लागते. ऐतरेय ब्राह्मणात हरिश्चंद्राची जी सर्वांत जुनी कथा येते, तिच्यात सत्यवचनासाठी राज्य सोडणारा राजा नाहीच. तेथे पुत्र व्हावा म्हणून वरुणाला तोच पुत्र बळी देण्याचे वचन देणारा, आणि पुढे रोहित या आपल्या पुत्राऐवजी शंभर गाईंच्या मोबदल्यात विकत घेतलेल्या शुनःशेपाला यज्ञस्तंभाला बांधविणारा राजा आहे. विश्वामित्राला राज्यदान, पत्नी आणि पुत्र यांची विक्री, श्मशानातील चाकरी हा सर्वपरिचित भाग मार्कंडेय पुराणात येतो. त्या पुराणात राणीचे नाव शैब्या आहे, तारामती नव्हे. तारामती आणि रोहिदास ही रूपे मराठी आख्यानांतून, कीर्तनांतून आणि लोककथांतून रूढ झाली. तेव्हा शिखरांची आजची नावे संस्कृत पुराणाने दिलेली नसून मराठी बोलणाऱ्या लोकांनी दिलेली आहेत, असे अनुमान न्याय्य ठरते. हे नाव राजवाड्याची साक्ष देत नाही. कथा ऐकणाऱ्या लोकांची साक्ष देते.

डोंगरांची नावे बदलतात, हे पालि वाङ्मयाला चांगले ठाऊक आहे. मज्झिम निकायातील इसिगिलि सुत्तात तथागत राजगृहाभोवतीच्या वेभार, पण्डव, वेपुल्ल आणि गिज्झकूट या पर्वतांकडे निर्देश करून सांगतात की, या प्रत्येकाला पूर्वी निराळे नाव होते. केवळ इसिगिलीचे नाव तेच राहिले. संयुत्त निकायातील वेपुल्लपब्बत सुत्त याहूनही मार्मिक आहे. वेपुल्ल पर्वताला एका काळी पाचीनवंस, दुसऱ्या काळी वंकक, तिसऱ्या काळी सुपस्स म्हणत. त्याच्या परिसरातील लोकांचीही नावे काळाबरोबर बदलली. पूर्वी जो पर्वत चढण्यास चार दिवस लागत तो आता क्षणात चढता येतो. नाव गेले, लोक गेले, तो काळ गेला. संस्कार अनित्य आहेत, असा त्या उपदेशाचा निष्कर्ष आहे.

याच सुत्तात एक मोह दडलेला आहे, त्याचा उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते. वंकक पर्वताच्या काळातील लोकांना या सुत्तात रोहितस्स असे म्हटले आहे. आता कोणी म्हणेल, रोहितस्स म्हणजेच रोहिदास, म्हणून हे शिखर बौद्ध! ध्वनिसाम्यावर आधारलेली ही उडी मोहक आहे. पण ती इतिहास नव्हे. सुत्तातील पर्वत मगधातील आहे, आणि रोहिदास हे नाव हरिश्चंद्राच्या कथेतील रोहित व रोहिताश्व या रूपांतून सरळ उलगडते. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणून दोन स्थळे एक होत नाहीत. असे व्युत्पत्तीचे खेळ आपल्या विरोधकांनी केले तर आपण त्यांना हसतो. तेच आपण करू नयेत.

राजाच्या कथेतील दुखरी जागा

हरिश्चंद्राची कथा महाराष्ट्रात घरोघरी पोहोचली आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा पहिला चित्रपटही याच राजावर होता. परंतु आमच्या वाचकांनी या कथेतील एका जागी थांबून विचार करावा. राजा राज्य गमावतो, पत्नी विकतो, पुत्र विकतो. आणि त्याच्या अधःपाताची परमावधी कोणती, तर तो श्मशानात चाण्डाळाचा चाकर होतो ही. चाण्डाळाचे घर म्हणजे मनुष्याच्या पतनाची शेवटची पायरी, हे कथेचे गृहीत आहे. त्या घरातील माणूस मात्र कथेत केवळ राजाची परीक्षा पाहण्याचे साधन आहे. राजाला शेवटी त्याचे सर्व परत मिळते. त्याच्यानंतरही श्मशानात पिढ्यान्‌पिढ्या काम करीत राहिलेल्या माणसाला काय मिळाले, हा प्रश्न कथा विचारीत नाही.

पालि जातकांत याचा प्रतिपक्ष आढळतो. मातंग जातकात (क्र. ४९७) चाण्डाळ कुळात जन्मलेला मातंग हा स्वतःच बोधिसत्त्व आहे. दिट्ठमंगलिका नावाची श्रेष्ठिकन्या त्याला पाहताच विटाळ झाला म्हणून डोळे धुते, तिच्यासोबतचे लोक त्याला मारहाण करतात. पण कथा पुढे सरकते ती त्याच्या निश्चयाने आणि तपाने. जातीचा मद करणाऱ्यांना अखेरीस त्याच्यापुढे नम्र व्हावे लागते. तो कोणाच्या पतनाचे माप नसून कथेचा नायक आहे.

दानाच्या बाबतीतही तुलना उद्‌बोधक आहे. वेस्सन्तर जातकातील (क्र. ५४७) शिवि देशाचा राजपुत्र वंक पर्वतावर राहून आपली मुले जालि आणि कण्हाजिना, आणि पुढे पत्नी मद्दी हिलाही दान करतो. मार्कंडेय पुराणातील राणीचे शैब्या हे नावही शिबि कुळाचेच सूचक आहे. म्हणजे पराकोटीच्या दानाच्या कथा भारतात अनेक परंपरांत फिरत होत्या. मात्र पत्नी व मुले देऊन टाकणे धर्म्य कसे, ही शंका बौद्ध परंपरेने दाबून ठेवली नाही. मिलिन्दपञ्हात मिलिंद राजा नेमका हाच प्रश्न नागसेनापुढे मांडतो. नागसेनाचे उत्तर आजच्या वाचकास पटो अथवा न पटो; प्रश्न विचारण्याला तेथे जागा होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आम्ही या गडाविषयी प्रश्न विचारतो तेही त्याच परंपरेला धरून.

गडावर काय आहे

आता प्रत्यक्ष अवशेषांकडे वळू. गडाच्या माथ्याखालील सखल भागात हरिश्चंद्रेश्वराचे दगडी मंदिर आहे. त्याचे शिखर उंच असून त्याच्या प्राकाराभोवती खडकात कोरलेल्या गुंफा आणि पाण्याची टाकी आहेत. जवळच सप्ततीर्थ नावाची पुष्करिणी असून तिच्या एका बाजूस देवकोष्ठांची रांग आहे. या कोष्ठांत पूर्वी विष्णूच्या मूर्ती होत्या. मंदिराच्या जवळून मंगळगंगा हा ओहळ वाहतो. पुढे केदारेश्वराची गुंफा आहे. तिच्यात थंडगार पाण्याच्या मधोमध मोठे शिवलिंग असून, भोवतीच्या चार खांबांपैकी आज एकच अखंड उरला आहे. चारांपैकी प्रत्येक युगाच्या शेवटी एक खांब पडतो, अशी लोकसमजूत त्यावरून झाली. तारामती शिखराच्या उतारावर गुंफांची आणखी एक रांग असून त्यांपैकी एकीत गणेशाची भव्य मूर्ती आहे. पायथ्याच्या खिरेश्वर येथे नागेश्वराचे कोरीव मंदिर आहे.

गडाचा वाङ्मयीन पुरावाही भक्कम आहे. चांगदेवांचा तत्त्वसार हा मराठी ग्रंथ शके १२३४ मध्ये, म्हणजे इ.स. १३१२ मध्ये, हरिश्चंद्रगडावर पूर्ण झाला. चौदाव्या शतकाच्या आरंभी, देवगिरीच्या यादवांची सत्ता मोडत असताना, हा डोंगर योगी आणि शैव साधकांचे मान्य तीर्थ होता, हे यावरून निश्चित होते. त्याआधी उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील झंझ राजाने बारा शिवालये बांधल्याचा उल्लेख शिलाहारांच्या ताम्रपटांत आहे. ही शिवालये नद्यांच्या उगमांपाशी होती अशी परंपरा सांगितली जाते, आणि याच अकोले तालुक्यातील रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर त्यांपैकी एक मानले जाते. राजसत्तेचा हात या डोंगररांगेत कोणत्या देवतेच्या पाठीशी होता, हे त्यावरून कळते.

बौद्ध लेणे कशावरून ओळखावे? स्तूप असलेले चैत्यगृह. भिक्खूंच्या निवासाच्या खोल्या आणि त्यांतील दगडी बाक. चैत्यगवाक्षाची कमान आणि वेदिकेची नक्षी. पोढी, म्हणजे पाण्याची टाकी. आणि ब्राह्मी लिपीतील प्राकृत दानलेख, ज्यांत देयधम हा शब्द वारंवार येतो. यांपैकी पाण्याचे टाके हे एकटे लक्षण पुरेसे नाही, कारण पाणी सर्वांनाच लागते; शैव साधकाला, किल्लेदाराला आणि गुराख्यालाही. हरिश्चंद्रगडाच्या गुंफांत स्तूप नाही, चैत्यगृह नाही, देयधमाचा लेख नाही. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील लेण्यांवरील आपल्या ग्रंथात फर्ग्युसन आणि बर्जेस यांनी या गुंफांची गणना ब्राह्मणी लेण्यांत केली. गडावर आज जे डोळ्यांना दिसते त्याच्याशी हा निर्णय जुळतो.

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराचे शिखर बुद्धगयेच्या महाबोधी विहारासारखे दिसते, म्हणून ते मूळचे बौद्ध, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. त्याची तपासणी करू. उंच, निमुळते होत जाणारे शिखर हे उत्तर भारतीय मंदिरशैलीचे सामान्य रूप आहे. शैव, वैष्णव, जैन आणि बौद्ध अशा सर्वांनी ते वापरले. गवंडी आणि पाथरवट यांचे कौशल्य संप्रदायाच्या कुंपणात अडकून पडत नसे. शिवाय महाबोधी विहाराचे आज दिसणारे रूप १८८० च्या दशकात कनिंगहॅम आणि बेगलर यांच्या देखरेखीखाली झालेल्या मोठ्या जीर्णोद्धारानंतरचे आहे. अशा रूपाशी साम्य दाखवून दुसऱ्या इमारतीचा धर्म ठरविणे सयुक्तिक नाही.

खरा वारसा कोठे आहे

हरिश्चंद्रगड बौद्ध नाही असे म्हटल्याने आमचे काही हरवते काय? मुळीच नाही. याच डोंगररांगेच्या दक्षिणेला जुन्नर आहे, आणि तेथे शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांत भारतातील बौद्ध लेण्यांचा सर्वांत मोठा समूह आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. तेथे सिमुक सातवाहन, श्री सातकर्णी, देवी नागनिका आणि राजकुमार यांच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, वरची नावे उरली. राजघराण्याने डोंगराच्या माथ्यावर स्वतःची आठवण कोरून ठेवण्याचा हा महाराष्ट्रातील अतिप्राचीन दाखला होय.

या राजलेखात काय आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी वैदिक यज्ञांची आणि त्यांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती आणि कार्षापण नाण्यांची लांबलचक यादी आहे. आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य आणि लोकपाल यांना वंदन आहे. म्हणजे घाटाच्या माथ्यावरचा राजा यज्ञ करीत होता. मग त्याच प्रदेशातील दीडशेहून अधिक लेणी कोणी कोरविली? दानलेख वाचावेत म्हणजे उत्तर मिळते. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने दिले. शिवनेरीचे चैत्यगृह वीरसेनक नावाच्या प्रमुख गृहपतीने सर्व लोकांच्या हितसुखासाठी दिले. इरिल, चिट आणि चंद या यवनांनी अनुक्रमे पाण्याची टाकी, भोजनमंडप आणि चैत्याचा दर्शनी भाग दिला. धान्य विकणाऱ्यांच्या, कासारांच्या आणि बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणींची नावेही या लेखांत आहेत. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष ४६ मध्ये दिलेल्या दानाचा लेख मानमोडीवर आहे. पण असे राजपुरुष थोडे, आणि व्यापारी, कारागीर, गृहस्थ अधिक.

हा फरक समजून घेणे म्हणजे आपला वारसा समजून घेणे होय. जुन्नरचा बौद्ध वारसा राजाच्या कृपेवर उभा नव्हता. तो कल्याण बंदराकडून घाट चढून येणाऱ्या बैलांच्या तांड्यांवर, श्रेणींच्या ठेवींवर आणि सामान्य गृहस्थांच्या त्यागावर उभा होता. बाबासाहेबांच्या आवाहनाला प्रतिसाद देऊन १९५६ नंतर गावोगावी जे विहार उभे राहिले, तेही राजाश्रयाने नव्हे, तर कष्टकऱ्यांच्या वर्गणीने. या दोहोंमध्ये रक्ताचे नाते शोधण्याची आवश्यकता नाही. दानाच्या रीतीचे नाते पुरेसे आहे.

आणि जेथे बौद्ध लेण्याचे खरोखर रूपांतर झाले, तेथे पुरावा स्वतः बोलतो. लेण्याद्रीच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात, भिक्खूंच्या खोल्यांनी वेढलेल्या विहारात, आज गिरिजात्मज गणपती आहे आणि ते अष्टविनायकांपैकी एक स्थान आहे. कार्ल्याच्या महाचैत्यासमोर एकवीरेचे मंदिर आहे. ही विधाने आम्ही ठामपणे करू शकतो, कारण खोल्या, स्तूप आणि लेख तेथे उभे आहेत. हरिश्चंद्रगडासारख्या स्थळी पुराव्यावाचून तसेच विधान केले, तर लेण्याद्रीविषयीचे आपले सत्य विधानही लोक त्याच तराजूत टाकतील. एक खोटे नाणे पिशवीतील सर्व खऱ्या नाण्यांवर संशय आणते.

राजाचा डोंगर कोणाचा होतो

राजसत्ता, डोंगर आणि पावित्र्य यांचे नाते जगभर आढळते. मादागास्करमधील अंबोहिमांगा ही राजघराण्याची टेकडी तेथील वस्तीमुळे आणि राजसमाध्यांमुळे पवित्र मानली जाते. २००१ साली तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. आपल्या परंपरेला अधिक जवळचे उदाहरण श्रीलंकेतील सीहगिरी, म्हणजे सिगिरिया, हे आहे. पित्याचा वध करून गादीवर आलेल्या कस्सप राजाने (इ.स. ४७७ ते ४९५) त्या प्रचंड खडकाच्या माथ्यावर राजवाडा बांधला. पण त्याच्या कित्येक शतके आधी खडकाच्या पायथ्याशी भिक्खूंच्या गुहा होत्या, त्यांवरील ब्राह्मी लेख तसे सांगतात. आणि कस्सपाचा पराभव झाल्यावर मोग्गल्लानाने ते स्थान संघाला दिल्याचे चूलवंस नोंदवितो. राजवाडा अठरा वर्षांचा. संघाचा वास त्याच्या आधीही आणि नंतरही. राजगृहाच्या गृध्रकूटाचेही असेच आहे. बिंबिसाराच्या राजधानीची तटबंदी आज भग्न दगडांची रांग आहे. लोक जातात ते तथागतांच्या निवासामुळे.

महाराष्ट्रात मात्र राजाच्या डोंगराचा प्रश्न आणखी एका रीतीने आपल्यापुढे आला, आणि तो पाण्यावरून आला. देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला, ही यादवांची राजधानी. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह तो पाहण्यास गेले असता, प्रवेशद्वाराजवळच्या हौदातील पाण्याने त्यांनी हातपाय धुतले. त्यावरून अस्पृश्यांनी पाणी बाटविले म्हणून गहजब झाला, आणि अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला स्पर्श करू नये या अटीवर, सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, त्यांना आत जाऊ देण्यात आले. बाबासाहेबांनीच हा प्रसंग आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदविला आहे. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा सात वर्षे झाली होती. तेव्हा एखाद्या गडाचा सांस्कृतिक वारसा म्हणजे केवळ तेथील शिल्पे आणि शिखरे नव्हेत. तेथील पाण्याला कोणी हात लावावयाचा, पायरी कोणी चढावयाची, हाही त्या वारशाचाच भाग आहे. सप्ततीर्थाचे पाणी पाहताना आपल्या मुलांना ही गोष्ट सांगितली पाहिजे.

कालाम, महापदेस आणि आपले कर्तव्य

अंगुत्तर निकायातील कालाम सुत्त आपणां सर्वांस परिचित आहे. ऐकीव म्हणून, परंपरा म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, हा उपदेश आपण इतरांना नेहमी ऐकवितो. तो आपल्याच ऐकीव गोष्टींनाही लागू आहे. महापरिनिब्बान सुत्तातील चार महापदेसांची पद्धत तर संशोधकाने गळ्यात बांधून घ्यावी अशी आहे. कोणी येऊन काही सांगितले, तर त्याचे अभिनंदन करू नये आणि त्याला झिडकारूही नये. ते शब्द नीट समजून घेऊन सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावेत. जुळले तर घ्यावे, न जुळले तर सोडावे. लेण्यांच्या बाबतीत सुत्त आणि विनय यांच्या जागी शिलालेख, स्थापत्य आणि उत्खनन आहे, एवढाच फरक.

याचा अर्थ कल्पनेला बंदी आहे असा नव्हे. अस्पृश्यांच्या उत्पत्तीवरील आपल्या १९४८ सालच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी, पुराव्याची साखळी जेथे तुटते तेथे इतिहासकाराला गृहीतक मांडण्याचा अधिकार आहे असे प्रतिपादिले. मात्र ते गृहीतक आहे हे न लपविता, तपासणीसाठी ते विद्वानांपुढे ठेवले. घाटवाटांवरून फिरणाऱ्या भिक्खूंचे पाय या गडालाही लागले असतील, असे गृहीतक कोणी मांडावे. त्यासाठी नाणी, खापरे, लेख शोधावेत. परंतु शोधाआधीच फलक लावू नये. एखाद्या गुंफेच्या भिंतीवर रंगाने काही लिहिणे, मूर्ती हलविणे अथवा नवी मूर्ती बसविणे हे तर आपण कटाक्षाने टाळले पाहिजे. इतरांनी आपल्या लेण्यांत तेच केले म्हणून आपण तक्रार करीत आलो आहोत.

या डोंगराला आज राहणारी माणसेही आहेत. महादेव कोळी, ठाकर आणि इतर समाजांची गावे गडाच्या भोवती आहेत. १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची सीमा त्यांच्या रानांवरून जाते. डोंगराचा बौद्ध की शैव असा वाद करणाऱ्या शहरी विद्वानांपेक्षा त्याच्या पाण्याचा, पाऊलवाटांचा आणि नावांचा सांभाळ त्यांनी अधिक केला आहे. तारामती आणि रोहिदास ही नावे लोकांनीच ठेवली आणि लोकांनीच टिकविली, हे आपण वर पाहिले. त्यांच्या वारशावर आपला शिक्का मारणे बहुजनांच्या इतिहासाची सेवा ठरणार नाही.

उलट, जे निःसंशय आपले आहे तेथे बरेच काम बाकी आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समूह जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. त्यात शिवनेरी आहे. त्याच शिवनेरीच्या कड्यांत वीरसेनकाचे चैत्यगृह आणि यवन चिटाचा भोजनमंडप आहे. शिवजन्मस्थान म्हणून गड चढणाऱ्या लाखो लोकांना, त्याच डोंगराच्या अंगावर त्याहून दीड हजार वर्षे आधी सर्व लोकांच्या हितसुखासाठी दान दिले गेले होते, हे कोणी सांगावयाचे? ते लेख वाचू शकणारी, ब्राह्मी लिपी आणि प्राकृत भाषा जाणणारी मुले-मुली आपल्या विहारांतून तयार व्हावयास हवीत. प्रत्येक विहाराने वर्षातून एक तरी सहल अशी काढावी की, जिच्यात एक लेख अक्षर-अक्षर लावून वाचला जाईल. आणि त्याच सहलीत हरिश्चंद्रगडही अवश्य पाहावा. केदारेश्वराच्या गुंफेसमोर उभे राहून, हे आपले नव्हे तरी सुंदर आहे आणि जपण्याजोगे आहे, असे मोकळ्या मनाने म्हणता येणे, हेही धम्माच्या अभ्यासाचेच फळ होय.